कार्यक्रम उभा राहतो तो आवाजावर

चित्र धूसर असलं, कॅमेरा हलत असला, उजेड अपुरा असला, तरी आपण व्हिडिओ बघत राहतो. बातमी मोठी असेल तर कुणीतरी पळता पळता मोबाइलवर काढलेलं फुटेजही डोळे ताणून बघतो. पण आवाज घुमत असेल, अर्धे शब्द वाऱ्यात उडत असतील, तर बोट लगेच पुढच्या व्हिडिओकडे जातं. चित्र एका नजरेत कळतं, एखादा कोपरा दिसला नाही तरी बाकीच्यावरून अंदाज बांधता येतो. बोलण्यात शब्द एकामागून एक येतात. मधला एक निसटला की मेंदू तो शोधायला लागतो, आणि तेवढ्यात पुढचे तीन निघून गेलेले असतात. पाच मिनिटं हे चाललं की ऐकणारा दमतो. कशाने दमला हे त्यालाही सांगता येत नाही. ‘कार्यक्रम जरा रटाळच होता’ एवढंच म्हणतो.

तरीही कार्यक्रम करायचा म्हटलं की पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते. कोणता घ्यायचा, लेन्स कोणती, फोर-के की त्याहून जास्त. माइकचा विषय शूटिंगच्या आदल्या रात्री निघतो. रेडिओवाल्यांची यातून सुटका असते, कारण त्यांच्याकडे आवाजाशिवाय दुसरं काही नसतंच. माझं म्हणणं असं आहे की रेडिओ, टीव्ही आणि ऑनलाइन या तिन्हींत कार्यक्रमाची बांधणी आवाजातच होते, आणि जिथे चित्र असतं तिथे ते त्या बांधणीवर बसवलं जातं. एक साधी मुलाखत घेऊन हे उलगडून बघू.

कान निवडतो, माइक निवडत नाही

समजा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांवर दहा मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. त्यांची खोली लहान, भिंती उघड्या, भिंतीवर डझनभर घड्याळं आणि डोक्यावर पंखा. समोर बसून गप्पा मारता तेव्हा त्यांचा शब्द न शब्द कळतो. मोबाइल टेबलावर ठेवून तेच बोलणं रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन ऐकलं, तर ते विहिरीतून बोलत असल्यासारखे वाटतात, आणि टिकटिक त्यांच्या आवाजावर चढून बसलेली असते.

खोली तीच, माणूस तोच, आवाजही तोच. फरक ऐकणाऱ्यात आहे. आपल्याला दोन कान असतात. दोन्हींवर आवाज किंचित वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जोराने पोचतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि नको त्या दिशेचं मागे सारतो. कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. पार्टीच्या कल्लोळात आपण एकाच माणसाचं बोलणं कसं वेचून काढतो? भिंतींवर आपटून येणाऱ्या आवाजाचंही मेंदू परस्पर निस्तरतो. मूळ आवाजामागून साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत येणारा पडसाद आपल्याला वेगळा ऐकूच येत नाही, तो मूळ आवाजात मिसळून जातो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे मोजून दाखवलं. माइकला असलं काही जमत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते सगळं तो एकाच तारेत ओततो, आणि एकदा ते एकत्र झालं की वेगळं करणं जिकिरीचं होतं. हल्ली गोंगाट काढून टाकणारी सॉफ्टवेअर चांगली झाली आहेत, पण त्यांनी जास्त ओढून साफ केलेला आवाज कोरडा, धातूचा वाटायला लागतो.

यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक इलाज म्हणजे माइक जवळ नेणं. त्याचं गणितही सोपं आहे. माइकचं तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो, तो उतरत नाही. कॉलरला लावलेला छोटा माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा माइक दीड-पावणेदोन मीटरवर, म्हणजे २० चे ४०, ४० चे ८०, ८० चे १६० असं तीन वेळा दुप्पट. १८ डेसिबल गेले. बोलणं तेवढं खाली आलं आणि पंखा, घुमारा, टिकटिक जागच्या जागी राहिले. त्यामुळे कॅमेरा लाखाचा असला तरी त्याच्या डोक्यावरच्या माइकने घेतलेली मुलाखत हौशी वाटते. लेन्सला झूम असतो, माइकला नसतो. लांबुळक्या गन माइकबद्दल बऱ्याच जणांचा असा समज असतो की तो लांबचा आवाज जवळ ओढून आणतो. तो फक्त बाजूचे आवाज कमी करतो, अंतर त्यालाही चुकत नाही.

माइकचं झालं की खोलीकडे बघायचं. उघडी भिंत आवाज परतवते, कापड आणि कापूस तो पितात. पडदे ओढायचे, गादी उभी करायची, पंखा बंद करायचा. फिरतीवरचे रेडिओ पत्रकार हॉटेलच्या खोलीत डोक्यावरून पांघरूण घेऊन निवेदन रेकॉर्ड करतात. दिसायला हास्यास्पद, ऐकायला स्टुडिओसारखं.

राहता राहिली लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात रेकॉर्ड करायचा ते. नेहमीच्या डिजिटल रेकॉर्डिंगला शून्य डेसिबल हे छत असतं. त्याच्या वर जागाच नाही. आवाज तिथे आपटला की तरंगाचं टोक कापलं जातं आणि तो फाटतो. मग काहीही केलं तरी तो सांधला जात नाही. म्हणून बोलण्याचे उंचवटे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी लेव्हल लावतात. वरची मोकळी जागा हसण्यासाठी आणि अचानक चढणाऱ्या आवाजासाठी. लेव्हल बघायला माणसाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावू नये, तो पुटपुटतो. आज सकाळी काय खाल्लं ते विचारावं. मग तो खऱ्या आवाजात बोलतो.

घड्याळं थांबवा

आता ती टिकटिक. कार्यक्रम घड्याळांचा आहे, तेव्हा ती हवीच, असं कुणालाही वाटेल. हवीच आहे. पण बोलण्याच्या वेळी नको.

मुलाखत तासभर चालते आणि त्यातली पाच-सहा मिनिटं वापरायची असतात. म्हणजे कापाकापी आलीच. भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ सेकंदाला एक ठोका देतं. वाक्याच्या मधे कुठेही कापलं की ठोक्यांमधलं अंतर बिघडतं. टिक, टिक, टिकटिक, टिक. ऐकणाऱ्याला इथे काहीतरी कापलंय हे शब्दांत सांगता येणार नाही, पण कान टवकारतो. पुढची दोन वाक्यं त्या धक्क्यात वाया जातात. मागे गाणं चालू असेल तर याहून वाईट, कारण गाण्याचा ताल मोडलेला तर लहान मुलालाही कळतो. एकसारखा पंख्याचा आवाज त्या मानाने परवडला, त्याला निदान ताल नसतो.

म्हणून मुलाखतीपुरती घड्याळं थांबवायची किंवा दुसऱ्या खोलीत न्यायची. बोलणं संपलं की ती पुन्हा चालू करायची आणि माइक एकेका घड्याळाजवळ नेऊन फक्त टिकटिक रेकॉर्ड करायची. भिंतीवरच्या घड्याळाची वेगळी, मनगटी घड्याळाची वेगळी. चावीचं मनगटी घड्याळ सेकंदाला पाच ते आठ ठोके देतं, त्यामुळे त्याची किणकिण अगदी निराळी लागते. ही वेगळ्या ट्रॅकवर ठेवलेली टिकटिक नंतर बोलण्याखाली सलग अंथरता येते, हवी तिथे वर काढता येते, हवी तिथे विरवून टाकता येते.

अजून एक काम, पण ते घड्याळं पुन्हा चालू करण्याआधी उरकायचं. सगळ्यांनी जागच्या जागी गप्प बसायचं आणि एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. याला रूम टोन म्हणतात. पाहुण्यांना हा प्रकार गमतीचा वाटतो, कुणीतरी हसतंच. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे फ्रिजची घरघर, कुठे लांबच्या रस्त्याची गाज. वाक्यातला खोकला काढला आणि ती जागा रिकामी सोडली तर आवाजात भोक पडतं, ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर बंद पडला. त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरली की काही झालंच नाही असं वाटतं.

एक उत्तर, कापण्याआधी आणि कापल्यावर

हे काम कसं चालतं ते जवळून बघू. आपण विचारलं, ‘तुम्ही या कामात कसे आलात?’ गृहस्थ म्हणाले:

‘नाही, म्हणजे कसंय, वडील… वडिलांकडे हे… म्हणजे मी शाळेतच होतो तेव्हा. हां, तर त्यांचा हात थरथरायला लागला. मग स्क्रू पडायचा. म्हणजे असा खाली पडायचा ना, तो सापडायचा नाही. मग मी शोधायचो. तसं, शोधता शोधता शिकलो.’

सोनं आहे यात, पण मातीही आहे. सुरुवातीची अडखळ काढावी लागेल. ती काढली की ‘त्यांचा हात’ म्हणजे कुणाचा, हे कळत नाही. वडील कापले गेले. मग निवेदकाने आधी एक वाक्य बोलायचं: ‘त्यांचे वडील हेच काम करायचे.’ आणि मग गृहस्थांचा आवाज: ‘मी शाळेतच होतो तेव्हा. त्यांचा हात थरथरायला लागला. मग स्क्रू पडायचा. तो सापडायचा नाही. मग मी शोधायचो. तसं, शोधता शोधता शिकलो.’

कागदावर हे झटक्यात होतं. आवाजात दर कटाला विचार करावा लागतो. ‘पडायचा’ आणि ‘तो’ यांच्यामधली ओळ काढताना कात्री कुठे लावायची? ‘त’ उच्चारताना जीभ दातांना टेकते आणि क्षणभर आवाज पूर्ण बंद होतो. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांचंही तसंच. त्या इवल्याशा शांततेत कापलं तर सांधा ऐकू येत नाही. ‘मी’ किंवा ‘शा’च्या आधी कापणं जास्त अवघड, कारण ‘म’ आणि ‘श’ आधीच्या आवाजातून सरकत येतात. वाक्याचा सूरही सांभाळावा लागतो. ‘पडायचा ना,’ इथे सूर वर लटकलेला आहे. तिथेच थांबवलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘मग स्क्रू पडायचा.’ इथे तो खाली उतरला आहे, म्हणून तिथे थांबता येतं.

श्वास सगळे काढून टाकू नयेत. नवखे लोक हे हमखास करतात आणि माणूस यंत्रासारखा वाटायला लागतो. उलट कापाकापीत दोन श्वास लागोपाठ आले तर कान लगेच पकडतो, कारण कुणीही आत-आत असा दोनदा श्वास घेत नाही. त्यातला एक जायलाच हवा. आणि शेवटचं ‘तसं’? शब्द म्हणून ते फालतू आहे. पण त्याच्या आधी गृहस्थ पाऊण सेकंद थांबले होते, आणि ‘तसं’ म्हणताना ते आठवत होते. मी असतो तर ते ठेवलं असतं, त्याआधीची शांतताही.

टेपच्या काळात हे सगळं हाताने चालायचं. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास जवळपास १९ सेंटिमीटर लांब. टेप हाताने मागे-पुढे सरकवत कापायची जागा कानाने शोधायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, पात्याने तिरकं कापायचं आणि पातळ चिकटपट्टीने जोडायचं. तिरकं अशासाठी की एक आवाज विरत असतानाच दुसरा चढायला हवा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सांध्यावर जो छोटा क्रॉसफेड देतात तो त्या तिरक्या कापाचंच काम करतो.

अडखळणं काढणं वेगळं आणि म्हणणं बदलणं वेगळं. ‘कधी कधी गिऱ्हाइकाला खोटं सांगावं लागतं’ यातलं ‘कधी कधी’ कापलं तर सांधा अगदी सफाईदार बसेल आणि माणूस मात्र दुसराच होईल. एका प्रश्नाचा ‘हो’ दुसऱ्या प्रश्नाला लावणं हाही तसलाच प्रकार. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे. ऐकणाऱ्याला ते कधीच कळणार नाही, आणि म्हणूनच ते करायचं नसतं.

मग चित्र

माहितीपट करणारे अनेक संकलक आधी फक्त आवाजाचा सलग कट तयार करतात. त्याला रेडिओ कट म्हणतात. डोळे मिटून ऐकला तरी गोष्ट कळली पाहिजे. ती कळली की चित्र बसवायला घेतात. वरच्या उत्तरात मधे दोन ठिकाणी काप आहे, आणि चेहरा सलग दाखवला तर दोन्ही ठिकाणी डोकं टुणकन उडी मारेल. तिथे कटअवे लागतात: चिमटा धरलेली बोटं, डोळ्यावरचं भिंग, टेबलावर घरंगळणारा स्क्रू. बघणाऱ्याला वाटतं कॅमेरा सहज हातांकडे वळला. खरं तर तो सांधा झाकायला वळलेला असतो.

कटअवे कमी पडतात ते शूटिंगच्या वेळी कुणी रेडिओ कटचा विचार केलेला नसतो म्हणून. तासाभराच्या मुलाखतीनंतर हातांचे दोनच शॉट निघतात आणि संकलक तेच चार वेळा फिरवून वापरतो.

चित्र आणि आवाज एकाच क्षणी बदलावेत असंही नाही. किंबहुना बदलू नयेत. पुढच्या प्रसंगाचा आवाज थोडा आधी सुरू केला, म्हणजे चेहरा दिसतोय पण दुकानाचं शटर वर जाताना ऐकू येतंय, की बघणाऱ्याचं मन आधीच पुढे गेलेलं असतं आणि मागून आलेलं चित्र त्याला खटकत नाही. याला जे-कट म्हणतात. आधीचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळत ठेवला तर एल-कट. संवादाच्या प्रसंगात हे सतत चालू असतं. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत आपण ऐकणाऱ्याचा चेहरा बघायला लागतो, कारण खऱ्या गप्पांतही आपली नजर तशीच फिरते.

यूट्यूबवर अनेकांनी कटअवेचा नादच सोडला आणि उड्या तशाच ठेवल्या. जुन्या टीव्हीवाल्यांना ते अजूनही बोचतं. पण नीट ऐकलं तर कळेल की जे लोक हे चांगलं करतात त्यांचा आवाज कुठेही उडी मारत नाही. बोलण्याची लय सलग असते, म्हणून डोळा ती उडी माफ करतो.

आता आपण वेगळी रेकॉर्ड केलेली टिकटिक चेहऱ्याखाली अंथरली. मुलाखतीच्या वेळी घड्याळं बंद होती, म्हणजे हे खोटं झालं का? माझ्या मते नाही. घड्याळं तीच, खोली तीच, दिवसही तोच. पण ही रेषा प्रकारागणिक सरकते. नाटकात, मालिकेत पावलांपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं नंतर स्टुडिओत करून घेतात. या कामाला जॅक फोली यांच्या नावावरून फोली म्हणतात. बर्फातल्या पावलांसाठी कॉर्नफ्लॉरची पिशवी दाबायची, आगीच्या चरचरीसाठी सेलोफेनचा कागद चुरगळायचा. वन्यजीवांच्या माहितीपटात प्राणी शंभर मीटरवरून मोठ्या लेन्सने टिपलेला असतो आणि त्याच्या पावलांचा आवाज तिथपर्यंत पोचणं शक्यच नसतं. तोही बहुतेक वेळा नंतर केलेला असतो. बातमीत मात्र हे चालत नाही. तिथे आवाज हा पुरावा असतो.

पंचेचाळीस मिलिसेकंद

ओठ आणि शब्द जुळले नाहीत की किती त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की आवाज मागे पडलेला आपण बराच सोसतो, पण पुढे गेलेला मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला तर फरक जाणवायला लागतो. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवतो. सेकंदाला २५ चित्रं धरली तर एक चित्र ४० मिलिसेकंदांचं, म्हणजे जेमतेम एका फ्रेमची मुभा.

याचं कारण निसर्गातच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाश त्यामानाने तत्काळ पोचतो. ३४ मीटरवर कुणी टाळी वाजवली तर ती आधी दिसते आणि १०० मिलिसेकंदांनी ऐकू येते. अशा उशिराची आपल्याला जन्मापासून सवय असते. आवाज आधी आणि हालचाल नंतर असं मात्र जगात कधीच घडत नाही. डोळे आणि कान एकमेकांत किती गुंतलेले असतात हे मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं. ओठ ‘गा’ म्हणताना दाखवायचे आणि आवाज ‘बा’ ऐकवायचा, तर बऱ्याच जणांना ‘दा’ ऐकू येतं. जे कुणी म्हटलेलंच नाही ते.

आवाज आणि चित्र वेगवेगळ्या यंत्रांवर घेतले तर ते जुळवायला क्लॅप लागतो. दोन फळ्या एकमेकींना भिडल्या ती फ्रेम आणि ध्वनीतला टोकदार उंचवटा एकावर एक ठेवले की काम झालं. क्लॅप हाताशी नसेल तर कॅमेऱ्यासमोर एक टाळी पुरते. पण लांब मुलाखतीत सुरुवात जुळूनही शेवट हलतो, कारण कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांच्या पोटात आपापलं क्वार्ट्झ घड्याळ असतं आणि दोन्ही तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभरात एक-दोन फ्रेमचा फरक सहज पडतो. घड्याळवाल्या गृहस्थांना हे सांगितलं तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

थेट प्रक्षेपणात उशीर टाळताच येत नाही. प्रक्षेपणाचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. वर जाऊन खाली यायला सिग्नलला जवळपास पाव सेकंद लागतो. निवेदिकेचा प्रश्न पाव सेकंदाने पोचतो, उत्तर पाव सेकंदाने परत येतं, त्यात यंत्रांचा वेळ मिळवा. म्हणून बातमीदार प्रश्नानंतर पुतळ्यासारखा उभा दिसतो. त्याला उत्तर सुचत नसतं असं नाही, प्रश्नच पोचलेला नसतो. त्याच्या कानात स्टुडिओचा सगळा आवाज जातो, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. याला क्लीन फीड म्हणतात. तो वगळला नाही तर स्वतःचंच बोलणं थोड्या उशिराने कानात पडतं, आणि सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा आलेला स्वतःचा आवाज चांगल्या वक्त्यालाही तोतरं करतो. शंका असेल तर फोनवर स्वतःचा प्रतिध्वनी येत असताना दोन वाक्यं सलग बोलून बघा.

मोठा आवाज आणि मोठा वाटणारा आवाज

कार्यक्रम हळू आणि जाहिरात कानठळ्या बसवणारी, ही तक्रार जुनी आहे. नियम पूर्वीही होते, पण ते तरंगाच्या टोकाला लागू होते. जाहिरातवाल्यांनी टोकं दाबली आणि मधला सगळा भाग वर उचलला. मीटरवर दोन्ही सारखेच, कानाला दुप्पट. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाज कानाला किती मोठा वाटतो हे मोजायची पद्धत ठरवली. तिचं एकक एलयूएफएस. त्यात खर्जाला कमी वजन आणि वरच्या पट्टीला जास्त, कारण आपला कानही तसाच पक्षपाती आहे. शांत जागा मोजणीतून वगळल्या जातात, नाहीतर अर्धा कार्यक्रम कुजबुजत ठेवून उरलेल्यात ओरडायची सोय झाली असती. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस हे लक्ष्य ठरवलं. अमेरिकेत त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजावर कायदा झाला आणि २०१२ च्या डिसेंबरपासून लागू झाला.

पॉडकास्टसाठी साधारण उणे १६ धरतात, कारण ते रस्त्यावर, गाडीत, हेडफोनमधून ऐकले जातात आणि तिथे हळू आवाज बुडतो. यूट्यूब उणे १४ च्या वर गेलेलं खाली आणतं, पण खालचं सहसा वर उचलत नाही. तेव्हा हळू ठेवलेला व्हिडिओ हळूच राहतो.

शेवटचं मिश्रण मोठ्या स्पीकरवर ऐकून खूश होऊ नये. एकदा ते मोबाइलच्या स्पीकरवर लावावं. तो एवढासा स्पीकर खर्ज वाजवूच शकत नाही. पार्श्वसंगीतातला गंभीर ठेका तिथे गायब झालेला असतो आणि त्याच संगीतातली बासरी निवेदनावर बसलेली असते, कारण बोलणं आणि बासरी बरीचशी एकाच पट्टीत राहतात. संगीत तिथे थोडं उतरवायचं, किंवा काढूनच टाकायचं. निम्म्या माहितीपटांतलं संगीत काढलं तरी काही बिघडणार नाही, असं माझं मत आहे.

आता कुणी म्हणेल, फीडमध्ये व्हिडिओ मुके सुरू होतात आणि लोक नुसती कॅप्शन वाचतात, मग या खटाटोपाचा उपयोग काय? पण कॅप्शनलाही बोलण्याचीच लय लागते. डोळा कानापेक्षा पुढे धावतो. ‘मग मी शोधायचो. तसं, शोधता शोधता शिकलो.’ हे दोन्ही एकदम पडद्यावर आले तर गृहस्थ थांबलेले असतानाच वाचणाऱ्याला शेवट कळून चुकतो. म्हणून पहिली ओळ काढून घ्यायची, पाऊण सेकंद काही दाखवायचं नाही, आणि ‘तसं’ वर ओठ हलले की दुसरी ओळ आणायची. आपोआप कॅप्शन टाकणारी साधनं अशा ओळी बऱ्याचदा जोडून टाकतात. त्या हाताने सुट्या कराव्या लागतात, आणि ते काम कार्यक्रम एकदा आवाजासकट नीट ऐकल्याशिवाय होत नाही.